किट टाकायचं की कार्बोरेटरच बदलायचा?

मुंबईहून नाशिकला परतताना कसारा घाट लागला की आमच्या प्रीमियर पद्मिनीला धाप लागायची. सपाटीला गाडी लोण्यासारखी. घाटात ॲक्सिलरेटर दाबून धरला की दुसऱ्या-तिसऱ्या वळणानंतर आचके द्यायची, पाय सोडला की सावरायची. मागे आई, पुढे ट्रक, आणि गाडी कडेला. एका गॅरेजमध्ये झाकणही न उघडता सांगितलं गेलं, ‘कार्बोरेटर गेला, नवा टाका.’ मी पैसे काढायच्या बेतात होतो. पण आमच्या जुन्या मेकॅनिक चाचांनी आधी वरचं झाकण खोललं, नीडल व्हॉल्व्ह काढला आणि त्याखालचे दोन फायबर वॉशर माझ्या तळहातावर ठेवले. एक जुना, झाकणाला चिकटून बसलेला, काळा पडलेला. दुसरा नवा, वर्षभरापूर्वी टाकलेल्या किटमधला. ज्याने किट टाकलं त्याने जुना काढलाच नव्हता. या सोलेक्स कार्बोरेटरमध्ये फ्लोटची लेव्हल त्या वॉशरच्या जाडीवर ठरते. वॉशर दुप्पट जाड झाल्यामुळे व्हॉल्व्ह लवकर बंद होत होता, वाटीत पेट्रोल खाली राहत होतं आणि चढावर इंजिन उपाशी पडत होतं. चाचांनी एक वॉशर काढून टाकला. पुढच्या खेपेला घाट तिसऱ्या गिअरमध्ये निघाला.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. बदलायचा की दुरुस्त करायचा, हे कार्बोरेटर गाडीवर असताना ठरवू नये. तो उतरवावा, उघडावा, धुवावा, स्टीलच्या ताटात मांडावा आणि मग बोलावं. ज्यांच्याकडे वडिलांची पद्मिनी, आजोबांची ॲम्बेसेडर, पहिली मारुती ८०० किंवा पेट्रोल जीप अजून आहे आणि जी चालती ठेवायची आहे, त्यांच्यासाठी हा लेख.

पण त्याच्याही आधी एक काम आहे. दोष खरंच कार्बोरेटरचा आहे का, हे बघा. गाडी मिसिंग करते, उचलत नाही, ॲव्हरेज देत नाही, की बोट जातं ते थेट कार्बोरेटरकडे. पण जुन्या गाडीत हीच लक्षणं जळालेले पॉइंट, थकलेला कंडेन्सर, सरकलेलं टायमिंग आणि बिघडलेलं टॅपेट सेटिंग यांचीही असतात. म्हणून क्रम पाळा: टॅपेट, प्लग, पॉइंट, टायमिंग, मग पेट्रोलचा रस्ता म्हणजे टाकी, फिल्टर, पंप, पाइप, आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. कंप्रेशन एकदा मोजून घ्या. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, अशा स्थितीत मोजायचं. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा पंधरा टक्क्यांहून जास्त खाली असेल, तर कार्बोरेटरवर खर्च करून ती गाडी सुधारणार नाही. टाकीत गंज असेल तर नवाकोरा कार्बोरेटरही महिन्याभरात तुंबतो.

एवढं करूनही संशय कार्बोरेटरवरच राहिला, तर त्याला गाडीवर असतानाच दोन-तीन प्रश्न विचारता येतात. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टर काढा, टॉर्च लावून आत बघा आणि थ्रॉटलचा आर्म हाताने झटकन दाबा. आत पेट्रोलची बारीक, सरळ पिचकारी उडाली पाहिजे. ती उडत नसेल किंवा नुसतीच ठिबकत असेल, तर ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम गेलाय. सिग्नल सुटल्यावर गाडी क्षणभर बसते ती त्यामुळेच. आयडल धरत नाही आणि स्क्रू फिरवला तरी काही फरक पडत नाही, तर स्लो जेटमध्ये कचरा. पेट्रोलचा वास येतो, कार्बोरेटर ओलसर राहतो, तर नीडल व्हॉल्व्ह बसत नाही किंवा फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलंय. फ्लोट कानाशी धरून हलवला की आतलं पेट्रोल ऐकू येतं; पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवला की भोकातून बुडबुडे निघतात. काळा धूर येत असेल तर आधी चोक पूर्ण उघडतो का ते बघा. चोकची केबल अर्ध्यात अडकलेली असते आणि बिल कार्बोरेटरच्या नावावर फाटतं.

वर सांगितलेले बहुतेक दोष किटमध्ये सुटणारे आहेत. गॅस्केट, डायफ्रॅम, नीडल, वॉशर या झिजण्यासाठीच असलेल्या वस्तू, आणि त्यांच्यासाठी कार्बोरेटर टाकून देणं म्हणजे नळाचा वॉशर गेला म्हणून नळच बदलणं. निकाल लावायचा तो बॉडीवर, आणि बॉडीत सगळ्यात आधी बघायचा तो थ्रॉटलचा शाफ्ट.

हा शाफ्ट म्हणजे बटरफ्लाय ज्यावर बसलेली असते तो आडवा दांडा. गाडी चालते तेवढा वेळ तो फिरत असतो, शिवाय रिटर्न स्प्रिंग त्याला एकाच बाजूला ओढत राहते. त्यामुळे बॉडीतलं त्याचं गोल भोक हळूहळू लंबगोल होतं. मग त्या फटीतून कार्बोरेटरच्या हिशोबात नसलेली हवा आत शिरते. आयडल कधी वर, कधी खाली. सकाळी लावलेली सेटिंग दुपारी पार बदललेली. मेकॅनिक बिचारा दर आठवड्याला स्क्रू फिरवतो आणि गाडीवाला त्याला नावं ठेवतो. तपासायचं कसं? शाफ्टचं टोक चिमटीत धरून वर-खाली हलवा. स्वच्छ शाफ्टमध्ये जेमतेम जाणवेल इतकीच हालचाल असते. डोळ्यांना दिसेल इतका किंवा टकटक आवाज करत हलत असेल, तर ट्यूनिंगचा नाद सोडा. खात्री करायची तर इंजिन आयडलला ठेवून शाफ्टच्या दोन्ही टोकांना जाडसर ग्रीस चोपडा. आयडलचा आवाज बदलला की हवा तिथूनच जातेय. काही जण यासाठी पेट्रोल किंवा क्लीनर फवारतात. गरम इंजिनावर ते करू नका. मी भडका उडालेला पाहिला आहे.

शाफ्ट हलतो म्हणून लगेच नवा कार्बोरेटर, असंही नाही. चांगला लेथवाला दोन्ही बाजूंची भोकं एका रेषेत रीम करून पितळी बुश बसवून देतो. ‘एका रेषेत’ हे शब्द त्याला दोनदा सांगा. एक बाजू आज, दुसरी उद्या, अशी भोकं केली तर शाफ्ट जाम होतो आणि रस्त्यात ॲक्सिलरेटर अडकतो. बटरफ्लायचे दोन छोटे स्क्रू मागून ठोकून पक्के केलेले असतात. ते काढायच्या आधी बटरफ्लायची दिशा खुणेने नोंदवा, कारण तिच्या कडा तिरक्या घासलेल्या असतात आणि उलटी बसवली तर ती पूर्ण मिटत नाही. बसवताना ते स्क्रू पुन्हा ठोकून किंवा लॉकटाइट लावून पक्के झालेच पाहिजेत. सैल झालेला स्क्रू थेट सिलिंडरमध्ये जातो. हे काम ज्याने पूर्वी केलेलं आहे त्याच्याकडेच द्या, थोडे जास्त पैसे लागले तरी.

शाफ्टनंतर फ्लँज. वर्षानुवर्षं ‘अजून जरा कस’ म्हणत नट आवळल्याने कार्बोरेटरचे कान वाकतात. सरळ स्टीलची पट्टी आडवी ठेवून उजेडाकडे धरा. कानांपाशी टेकते आणि मध्ये फट दिसते, तर वाकलाय. थोडी वक्रता असेल तर जाड काचेवर पॉलिश पेपर पसरून, त्यावर बॉडी आठाच्या आकड्यासारखी सावकाश घासून सपाट करता येते. आटे गेले असतील तर इन्सर्ट टाकता येतात. बॉडीला तडा गेला असेल, तर मात्र वेल्डिंगच्या भानगडीत पडू नका.

तिसरी गोष्ट म्हणजे वाटीच्या तळाशी असलेली पांढरी भुकटी. हल्ली पंपावर मिळतं ते २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, आणि पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या वाटीत ते पाणी जस्त-ॲल्युमिनियमच्या बॉडीला खात बसतं. भुकटी ब्रशने निघाली आणि खाली धातू गुळगुळीत असेल तर काळजी नाही. खाली देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसले आणि ते जेटच्या बैठकीपर्यंत किंवा आतल्या बारीक नळ्यांपर्यंत पोचले असतील, तर ती बॉडी गेली. तिथे किट टाकून उपयोग होत नाही, माझ्या मते बुशही नको. नवा शोधा.

इथेनॉलचा विषय निघालाच आहे तर इथेच थांबून सांगतो, कारण पुष्कळ चांगले कार्बोरेटर सध्या एका गैरसमजातून बदलले जात आहेत. एक किलो शुद्ध पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला सुमारे ९. वीस टक्के मिश्रणाचा हिशोब साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे जुन्या जेटमधून पूर्वीइतकंच इंधन गेलं तरी मिश्रण सुमारे आठ टक्क्यांनी पातळ पडतं. गाडी गरम होते, उचलताना अडखळते, ॲक्सिलरेटर झटकन दाबल्यावर कार्बोरेटरमधून फट्कन आवाज येतो. मालकाला वाटतं, कार्बोरेटर म्हातारा झाला. खरं तर तो वेगळ्या इंधनासाठी बनलेला आहे, एवढंच. सोलेक्सच्या मेन जेटवरचा आकडा म्हणजे मिलिमीटरचे शतांश: १२० म्हणजे १.२० मिलिमीटरचं भोक. प्रवाह भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतो, म्हणून आठ टक्के जास्त इंधनासाठी व्यास चारच टक्के वाढवावा लागतो. १२०च्या जागी १२५. एक पायरी वाढवा, शे-दोनशे किलोमीटर चालवा, प्लग काढून बघा. फिकट कॉफीसारखा रंग हवा. पांढराफटक असेल तर अजून पातळ, काजळी धरली तर जाड. आणि किट घेताना विचारून घ्या की नीडलचं टोक, डायफ्रॅम, पेट्रोलचे पाइप इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे आहेत का. व्हिटॉन म्हटलं की जाणकार दुकानदाराला कळतं. जुन्या पद्धतीचं रबर फुगतं, चिकट होतं आणि त्याचे कण पुन्हा जेटमध्येच अडकतात.

जेटवरून आणखी एक. तार घालून जेट साफ करू नका, करू देऊ नका. पितळ मऊ असतं. स्टीलच्या तारेने भोक शतांशाने जरी वाढलं तरी वरचा हिशोब कोलमडतो. कॉम्प्रेसरची हवा मारा, रात्रभर क्लीनरमध्ये ठेवा. तार घालून बिघडलेला जेट मिळाला तर जेट बदला. त्यासाठी कार्बोरेटर बदलायची गरज नाही.

आता समजा बॉडी खरंच गेली. मग बाजारात तुमच्यापुढे चार प्रकारचा माल येतो आणि चारही ‘ओरिजिनल’ म्हणूनच येतात.

जुना, न वापरलेला स्टॉक सगळ्यात उत्तम, पण तोही उघडूनच बसवायचा. तीस वर्षं डब्यात पडलेल्या कार्बोरेटरचा डायफ्रॅम पापडासारखा कडक झालेला असतो, म्हणजे नव्यालाही किट लागतंच. दुसरा प्रकार नव्याने बनवलेल्या नकला. बाहेरून हुबेहूब, आतली भोकं मात्र कधी बरोबर तर कधी चुकलेली. माझा अनुभव असा, की किरकोळ झिजलेला मूळ कार्बोरेटर बुश टाकून अशा नकलेपेक्षा चांगला चालतो. तिसरा, जुना देऊन तयार घ्यायचा. इथे मी एकदा फसलो. चंदेरी रंग मारलेला, चकचकीत कार्बोरेटर घेऊन आलो, माझा देऊन टाकला. महिनाभर गाडी पेट्रोल पीत होती. खोलला तर मेन जेट दोन आकडे मोठा आणि शाफ्ट माझ्या जुन्यापेक्षा जास्त हलणारा. माझी चांगली बॉडी तोवर कुणा दुसऱ्याच्या गाडीत गेली होती. म्हणून सांगतो, आपला कार्बोरेटर कधीही बदल्यात देऊ नका, आणि दुरुस्तीला देताना बॉडीवर न दिसेल अशा जागी पंचाने खूण करा.

चौथा प्रकार भंगारातून निघालेला. पद्मिनी बनायची बंद होऊन पंचवीसएक वर्षं झाली आणि मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस संपली. त्यामुळे टॅक्सींचे सुटे भाग चोर बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात आणि नाना पेठेत फिरत असतात. स्वस्त मिळतात, घ्यावेत, पण एक गोष्ट ध्यानात ठेवून. या टॅक्सी बरीच वर्षं सीएनजीवर धावल्या. गॅसवर चालतानाही थ्रॉटलचा शाफ्ट तेवढाच फिरतो, म्हणून तो पार झिजलेला असतो; उलट पेट्रोलच्या नळ्या वर्षानुवर्षं कोरड्या राहून आत डिंकासारखा थर साचलेला असतो. असा कार्बोरेटर जेट, झाकण, फ्लोट, स्प्रिंग यांच्यासाठी घ्यावा. आख्खा उचलून गाडीवर चढवण्यासाठी क्वचितच उपयोगी.

कुठलाही घेताना आपला जुना कार्बोरेटर पिशवीत सोबत न्या. फ्लँजवरच्या स्टडमधलं अंतर, तोंडाचा व्यास, व्हेंचुरीवरचा आकडा, मेन आणि स्लो जेटचे आकडे, ॲक्सिलरेटरचा आर्म कुठल्या बाजूला, चोकच्या केबलची जागा, व्हॅक्यूमची नळी आहे की नाही, हे काउंटरवरच जुळवा. ‘मोठा बसवा, पिकअप वाढेल’ असा सल्ला मिळेल. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं. त्याला लागते तेवढीच हवा ते ओढणार. व्हेंचुरी मोठी झाली की हवेचा वेग घटतो, जेटमधून पेट्रोल ओढलं जात नाही, आणि शहरात जिथे गाडी चालते तिथेच ती मेल्यासारखी होते.

मारुती ८००वाल्यांसाठी थोडक्यात. कार्बोरेटरच्या जुन्या ८००मध्ये भानगड बहुधा व्हॅक्यूमच्या नळ्यांची असते. प्रत्येक नळी वाकवून बघा. चिरा दिसल्या तर सगळ्या एकदम बदला, जागेचे फोटो काढून. इग्निशन चालू केल्यावर कार्बोरेटरवरच्या सोलेनॉइडचा टक् आवाज येतो का तेही ऐका. हे झाल्याशिवाय कार्बोरेटर उतरवू नका.

पैशाचं गणित मांडताना तीन आकडे कागदावर लिहून घ्या: किट आणि मजुरी, त्यात लेथचं काम धरून, आणि विश्वासाच्या दुकानातला नवा. नुसत्या किटमध्ये भागत असेल तर विचारच करू नका. बुशही लागणार असेल आणि बेरीज नव्याच्या निम्म्याच्या आत असेल, तर मी दुरुस्तीच्या बाजूने. शाफ्ट, फ्लँज आणि गंज या तिन्हींपैकी दोन गोष्टी एकदम बिघडलेल्या असतील तर नवा. गाडी पन्नाशीला टेकली असेल तर मात्र हिशोब वेगळा होतो. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात ‘व्हीए’ येतं. अशा गाडीचा मूळ कार्बोरेटर वाचवण्यासाठी मी लेथवर दुप्पट खर्च करीन.

स्वतः उघडणार असाल तर बॅटरीची तार काढा, दारं-खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास देवघरातली समईसुद्धा पेटलेली नको. प्रत्येक पायरीचा फोटो. मिक्श्चर स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने आत बसेपर्यंत किती फेरे लागतात ते मोजून लिहा. बसवताना तेवढेच बाहेर. नीडल व्हॉल्व्हखालचा जुना वॉशर निघालाय ना, हे बोट फिरवून बघा.

सगळं बसल्यावर इंजिन पूर्ण गरम करून मगच आयडल लावा, आणि जवळच्या पीयूसी केंद्रात जा. नुसता कागद घेऊन येऊ नका, मशीनवरचे आकडे वाचा. भारत स्टेज-२च्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम इतकी मर्यादा आहे. चांगला लागलेला कार्बोरेटर त्याच्या बराच खाली राहतो. आकडा वर असेल तर तिथेच मिक्श्चर स्क्रू पाव फेरा आत घ्या आणि पुन्हा नळी लावायला सांगा. केंद्रवाले सहसा नाही म्हणत नाहीत. शंभर किलोमीटर झाल्यावर, इंजिन थंड असताना, फ्लँजचे नट एकदा तपासा. दोन्ही आळीपाळीने, पाना आखूड धरून, हाताला रोध लागेपर्यंतच.